लाँड्रीवाल्याचा गुलाब

हिसामात्सु तोकुजी आमच्या समोर राहत. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची लाँड्री होती आणि खोऱ्यातल्या बहुतेक सगळ्या कारकुनांचे शर्ट त्यांच्या इस्त्रीखालून जात. माणूस बुटका, मान आखूड, बोलणं रूक्ष. घडी घातलेला शर्ट गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असे, की हा शर्ट तुम्ही आता पुन्हा घाण करणार, हे मला ठाऊक आहे.

त्यांची बायको किनुए. ती त्यांच्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला इस्त्री कोणी शिकवली नाही. सासू इस्त्री करी, सुनेनं बघायचं. पहिल्या महिन्यात तिनं गिऱ्हाइकांच्या बाह्या जाळल्या आणि स्वतःचं मनगटही. तोकुजी शेजारीच उभे होते. इस्त्री फार तापली आहे हे त्यांना दिसत होतं.

"मग सांगितलं का नाहीत?" तिनं रडत विचारलं.

"सांगून आलेलं हातात राहत नाही," ते म्हणाले.

यात त्यांचा दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे सगळे असेच शिकले. सुतार, सोब्याच्या शेवया कापणारे, बाहुल्यांचे चेहरे रंगवणारे, सगळे. कसब डोळ्यांनी चोरून घ्यायचं. उस्तादानं सांगायचं नाही आणि शिकणाऱ्यानं विचारायचं नाही. ज्यानं विचारलं त्यानं आपल्याला डोळे नाहीत हे कबूल केलं. आणि न विचारता ज्याला सांगितलं त्याचा तर सरळ अपमानच झाला.

आमच्या गावात आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. सोब्याच्या दुकानावरच्या खोलीत महिन्यातून एकदा ते जमत. दातांचे डॉक्टर ओनुकी हे प्रमुख, फोटो स्टुडिओवाले सेकिने दुसरे, आणि माझे पती, जे शाळेत विज्ञान शिकवत, ते तिसरे. आणखी चार-पाच जण होते, पण बोलत हे तिघे. भिंतीवर सभासदांच्या नावांच्या लाकडी पाट्या टांगलेल्या असत, तलवारबाजीच्या आखाड्यात असतात तशा. नवा माणूस आला की त्याची पाटी उलटी लागे, कोरी बाजू पुढे. त्यानं आकाशाचा एक फोटो आणायचा. दुर्बिणीचा आरसा स्वतः घासलेला, नळी स्वतः बांधलेली, फिल्म स्वतः धुतलेली. तो फोटो मंडळाला पटला की पाटी सुलट होई आणि नाव दिसे. तीन हिवाळ्यांत जमलं नाही तर पाटी उतरवून परत देत, आणि एकदा उतरलेली पाटी पुन्हा लागत नसे.

हिसामात्सुंना ही पाटी का हवी होती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, दातांचे डॉक्टर, मास्तर, नगरपालिकेतले साहेब, यांचे कपडे ते आयुष्यभर मागच्या दारानं पोचवत आले होते. त्या खोलीत मात्र सगळे एकाच चटईवर बसत.

दोन जाड काचा एकमेकींवर घासून आरसा करायचा असतो. खालची काच पिंपावर ठेवायची, वरची हातात धरायची, मध्ये ओली भुकटी, आणि पिंपाभोवती फिरत राहायचं. लाँड्री बंद झाली की हिसामात्सु मागच्या अंगणात घाण्याच्या बैलासारखे फिरायला लागत. किनुए खिडकीतून म्हणायची, "अहो, तेल निघालं की सांगा, तेंपुराची भजी तळते." ते आणखी एक फेरा घालत. जुन्या धुलाईयंत्राची चाकं काढून त्यांनी दुर्बीण ताऱ्यांमागे हळूहळू फिरवणारं यंत्र केलं. ते चालू झालं की रस्त्यापलीकडे आमच्याकडे ऐकू येई. माझे पती म्हणत, "ऐक, हिसामात्सुंनी आकाश भिजत घातलं."

आरसा मात्र निर्दोष झाला. ओनुकी डॉक्टरांनी तो दाढीच्या पात्याच्या कडेनं तपासला, बराच वेळ पाहिला आणि "हं" म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी कोणाच्या आरशाचं केलं नव्हतं. पाटी लागली, उलटी.

"मग? कशाचा फोटो घेणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुलाबाचा."

मृग नक्षत्राच्या जरा पूर्वेला एक तेजोमेघ आहे. दुर्बिणीला डोळा लावला तर तिथे थोडे तारे दिसतात, बाकी काही नाही. त्या ताऱ्यांभोवतीचा वायू स्वतःच लाल प्रकाश देत असतो, पण तो लाल अंधारात आपल्या डोळ्यांना कळतच नाही. लाल रंग टिपणारी खास फिल्म तासभर उघडी ठेवली, तरच तिच्यावर गुलाब उमटतो.

"आधी मृगातला घ्या हो," डॉक्टर म्हणाले. "तो शाळेतली मुलंही घेतात."

"गुलाबच घेईन. तो बघून दिसत नाही."

"बरोबर आहे!" सेकिने म्हणाले. "गिऱ्हाइकाला न दिसणारा डाग यांना दिसतो. कॉलर धुता धुता नजर बसली आहे." सगळे हसले. हिसामात्सुही हसले. त्यांना वाटलं, आपल्याला आत घेतलं.

फिल्म धुण्याचं काम त्यांनी चोरून घेतलं ते सेकिने यांच्या स्टुडिओतून. धुतलेले पडदे पोचवायला गेले की मागच्या अंधाऱ्या खोलीच्या दारात ते रेंगाळत. आत लाल दिवा लावून सेकिने तबकातल्या पाण्यात फोटोचे कागद हलवत असत. हिसामात्सुंनी तबकं पाहिली, औषधांचा क्रम पाहिला, मनगटाची हालचाल पाहिली, आणि लाल दिवा पाहिला. घरी येऊन त्यांनी गाद्या ठेवायचं भिंतीतलं कपाट रिकामं केलं, फटी काळ्या कापडानं बुजवल्या आणि आत तसाच लाल दिवा टांगला.

फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून कागदापाशी लाल दिवा चालतो. हिसामात्सुंची फिल्म तर लाल टिपण्यासाठीच बनवलेली. तोक्योचं दुकान ती मोठ्या गुंडाळीतून कापून साध्या डबीत पाठवी, डबीवर नुसता क्रमांक, सूचना काही नाही. तासभर कडाक्याच्या थंडीत जमवलेला प्रकाश ते घरी आणत आणि लाल दिव्याखाली फिल्म उघडत. उजेड लागला की फिल्म काळी पडते; जे काही तिच्यावर उमटलेलं असे ते तिथल्या तिथे त्या काळ्यात बुडून जाई.

पहिली फिल्म त्यांनी मंडळात आणली तेव्हा डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरली.

"काळी आहे."

"हो."

"फारच काळी."

"हो. मला वाटतं आकाश उजळ आहे. स्टेशनचे दिवे येतात."

डॉक्टरांनी सेकिने यांच्याकडे पाहिलं, सेकिने यांनी माझ्या पतींकडे. शहराच्या उजेडानं फिल्म राखाडी होते. ही डांबरासारखी होती. कारण तिघांच्याही एका नजरेत लक्षात आलं.

"तुम्हाला तसं वाटतं?" डॉक्टर म्हणाले.

"हो."

"मग तसं असेल."

यात खोटं काहीच नव्हतं. सेकिने यांनी जिना उतरेपर्यंत तोंडावर रुमाल धरला होता.

त्या रात्री जेवताना माझे पती म्हणाले, "आज हिसामात्सुंनी कोळसा आणला होता दाखवायला," आणि दिव्याची गोष्ट सांगितली.

"मग त्यांना सांगा ना."

"त्यांनी विचारलं का?"

"विचारायचं त्यांना सुचेल कसं? त्यांना वाटतंय आकाशाचा दोष आहे."

"कळेल कधीतरी," ते म्हणाले आणि सोया सॉसमध्ये परतलेल्या नाकतोड्यांची वाटी पुढे ओढली. "आपलं आपल्याला कळलं की त्याची गोडी वेगळी असते."

हिसामात्सु मग उजेडापासून पळत सुटले. आधी नदीपलीकडे गेले. मग सफरचंदांच्या बागांवर. मग लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्यावर. मध्ये एकदा ते पाचिंको, म्हणजे गोळ्यांचा जुगार, खेळायच्या दुकानाच्या मालकाकडे गेले आणि छतावरची निऑनची पाटी थोडा वेळ बंद ठेवाल का, म्हणून वाकून विनंती केली.

"का बुवा?"

"ताऱ्यांना त्रास होतो."

"तारे माझ्याकडे खेळायला येतात का? आले की बंद करीन."

ही गोष्ट मालकानंच गावभर केली. मुलं लाँड्रीसमोरून जाताना ओरडत, "हिसामात्सुसान, दिवा विझवू?" खऱ्या कारणाच्या किती जवळून ओरडत होती ती, याची त्यांना कल्पना नव्हती.

दुसरा हिवाळाही काळा गेला. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या बैठकीत, त्यांनी सांगितलं की आता कुरोइवाच्या खिंडीत जाणार.

"तिथेही काळी निघाली तर?" सेकिने यांनी विचारलं.

"तर आणखी वर."

"पुढच्या वर्षी चंद्रावरच जा. तिथे आकाश काळं असतं म्हणे."

"फिल्मइतकं?" हे माझ्या पतींनी विचारलं. तेव्हा इतका हशा पिकला, की खालून सोबेवाली काय झालं म्हणून बघायला आली. हिसामात्सु पुन्हा त्यांच्याबरोबर हसले.

फेब्रुवारीत ते लाँड्रीच्या गाडीत दुर्बीण घालून एकटेच खिंडीत गेले. फोटो घेताना दुसऱ्या छोट्या दुर्बिणीतून एका ताऱ्यावर डोळा रोखून बसावं लागतं. तारा भिंगातल्या बारीक धाग्यांच्या फुलीवरून जरा हलला की लोखंडी चाक केसभर फिरवून त्याला परत जागी आणायचं, तासभर. जाड हातमोज्यात ते केसभर कळत नाही, म्हणून त्यांनी उजवा मोजा काढला होता. एक फोटो झाला, त्यांनी दुसरा घेतला. दुसरा झाला, तिसरा घेतला. बोटं दुखायची थांबली तेव्हा त्यांना बरं वाटलं.

पहाटे डाव्या हातानं गाडी चालवत ते परत आले. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं पांढरी पडली होती, मेणासारखी. पुढच्या आठवड्यात ती काळी झाली. इस्पितळात मधल्या पेरापासून कापली.

मंडळाचे लोक फळांची करंडी घेऊन भेटायला गेले. सेकिने यांनी किनुएला विचारलं, "फिल्म धुतली का?"

"कॅमेऱ्यातच आहे. याच हातानं धुवायची होती ना."

"हो, तेही खरं," सेकिने म्हणाले आणि निघाले. जाताना त्यांनी दाराशी नीट वाकून नमस्कार केला.

मार्चची बैठक आली. तिसरा हिवाळा संपत होता. हिसामात्सु घरी आले होते, हात बोचक्यासारखा बांधलेला. एका दुपारी त्यांनी किनुएला कपाटात जायला सांगितलं.

"मी? मला काय येतं?"

"मी बाहेरून सांगतो. एक टोक या हातात, एक त्या हातात, आणि औषधातून वरखाली ओढत राहायचं. थांब म्हणेपर्यंत."

किनुए कॅमेरा घेऊन आत शिरली, दार लावून घेतलं आणि दिव्याची दोरी ओढली. दिवा लागला नाही. बल्ब गेला होता. बाहेर यायचं तर नवा बल्ब आणायला सेकिने यांच्या दुकानात जायला हवं, आणि त्याआधी नवऱ्याचं ऐकून घ्यायला हवं. पुढचं तिनंच मला सांगितलं. तिनं मनाशी म्हटलं, दरवेळी काळीच निघते. उजेडात धुतली काय आणि अंधारात धुतली काय.

"दिवा लावलास?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"लावला."

"मग कर सुरू."

सगळं झाल्यावर ती फिल्म घेऊन बाहेर आली. तोकुजींनी ती डाव्या हातानं खिडकीपाशी धरली. फिल्म काचेसारखी पारदर्शक होती. तिच्यावरच्या तिन्ही फोटोंत काळ्या ठिपक्यांसारखे तारे होते, आणि मधोमध एक धुरकट कडं, पाकळ्या असल्यासारखं.

मग त्यांनी कपाटात डोकं घातलं, दोरी ओढून पाहिली आणि बल्ब कानाशी धरून हलवला. आतली तुटलेली तार वाजली.

किनुएला वाटलं, आता ते रडतील. ती जवळ गेली.

"माझ्याशी खोटं का बोललीस?" ते म्हणाले.

फिल्मवरून कागदावर फोटो त्यांनी स्वतः काढला, डाव्या हातानं, नव्या लाल दिव्याखाली. कागदाला तो चालतो.

मार्चच्या बैठकीला बायका चहा आणि लोणची घेऊन येत. मंडळाच्या वर्षाची शेवटची बैठक म्हणून तांदळाची दारूही असे, साके. मी आणि किनुए दाराशी बसलो होतो. हिसामात्सुंनी फोटो कापडातून काढून डॉक्टरांपुढे ठेवला. सगळे पुढे सरकले. मी तोवर त्या लोकांचे पुष्कळ फोटो पाहिले होते. असा एकही नव्हता. काळ्या-पांढऱ्यातही तो गुलाब फुललेला होता, आणि त्याच्यामध्ये काळोखाच्या बारीक बारीक शिरा होत्या.

डॉक्टरांनी ठरलेला प्रश्न विचारला. "सगळं स्वतःच्या हातानं?"

हिसामात्सुंचा बांधलेला हात मांडीवर होता.

"हो," ते म्हणाले.

किनुएनं मान वर केली आणि परत खाली घातली. डॉक्टर उठले, भिंतीपाशी गेले आणि पाटी सुलट केली. हिसामात्सु तोकुजी. जाड, काळी अक्षरं, आरसा पास झाला त्या दिवशी लिहिलेली आणि तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून असलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्यांच्या पेल्यात साके ओतली. त्यांचा चेहरा कसा झाला होता हे मला लिहिता येत नाही. त्यांच्या लग्नातला फोटो मी पाहिला आहे, त्यात ते एवढे आनंदी नाहीत.

"म्हणजे शेवटी दिवा विझवला!" सेकिने म्हणाले. दोन पेले त्यांच्या पोटात गेले होते. "मी म्हणत होतो पहिल्याच वर्षी उमगेल. मास्तर म्हणत होते दुसऱ्या. कोणीच जिंकलं नाही."

"कुठला दिवा?" किनुएनं विचारलं. बायका तिथे बोलत नसत.

"लाल दिवा, वहिनी. या फिल्मला तो चालत नाही. काळी व्हायची ती त्यानंच."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक असतं. अहो, आम्हीही असंच शिकलो. डॉक्टरांनी स्वतः एक हिवाळा लाल दिव्याखाली घालवला होता. विचारा त्यांना."

"त्यांची बोटं किती गेली?"

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला.

"किनुए, चहा दे," तोकुजी म्हणाले.

"देते." तिनं तबक चटईवर ठेवलं. आवाज अगदी शांत होता, गिऱ्हाइकाला हिशेब सांगावा तसा. "तुम्हाला एवढं ठाऊक होतं, तर हेही असू द्या. ती फिल्म यांनी नाही धुतली. मी धुतली. मला काही येत नव्हतं, दिवा बंद पडला होता, म्हणून आलं. तीन वर्षं तुम्ही सगळे जे गिळून बसला होतात ते एका बल्बनं सांगितलं."

डॉक्टरांनी फोटो आपल्यापुढे सरळ करून ठेवला. मग म्हणाले, "वहिनी रागात आहेत. रागात माणूस काहीही बोलतो. हिसामात्सुसान, तुम्ही सांगा."

वाट मोकळी करून दिली होती. हिसामात्सुंनी नुसतं "हो, रागात आहे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोलीतल्या प्रत्येकाला तेच हवं होतं, माझ्या पतींना सगळ्यांत जास्त. हिसामात्सुंनी आपल्या पाटीकडे पाहिलं.

"ती म्हणते ते खरं आहे," ते म्हणाले.

डॉक्टर पुन्हा उठले. या वेळी त्यांनी पाटी उलटी केली नाही, खिळ्यावरून काढली. हिवाळा संपला होता. त्यांनी ती बाहीनं पुसली, हिसामात्सुंसमोर गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांनी पुढे केली. हिसामात्सुंनीही ती दोन्ही हातांनी घेतली. बांधलेल्या हातात ती नीट बसेना, म्हणून डॉक्टरांनी क्षणभर धरून ठेवली.

"किनुए," तोकुजी म्हणाले, "सगळ्यांची माफी माग."

"कशाबद्दल?"

"माग."

किनुएनं कपाळ चटईला टेकवलं. मी तिच्या इतक्या जवळ होते, की तिचा श्वास ऐकू येत होता.

"उठा, वहिनी, उठा," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्यांनी फोटो उचलला. "फोटो उत्तम आहे, यात वाद नाही. तारे जरा लांबट आलेत, एवढंच."

हिसामात्सु पुढे वाकले आणि त्यांनी ते तारे पाहिले.

"हो," ते म्हणाले. "तेव्हा हात बधिर झाला होता."

बैठक संपेपर्यंत ते उठले नाहीत. मध्येच उठून जाणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्यांचे फोटो फिरत फिरत त्यांच्यापाशी आले तेव्हा त्यांनी तेही पाहिले आणि पुढे दिले.

दुसऱ्या दिवशी लाँड्री नेहमीच्या वेळी उघडली. तोकुजी डाव्या हातानं इस्त्री करायला शिकले, आणि पुढे पुष्कळ वर्षं केली. दुर्बीण अंगणात ताडपत्रीखाली राहिली. ती मोडली नाही, विकली नाही, तिच्याकडे गेले नाहीत. किनुएला त्यांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत. त्या दिवसापासून ते तिच्याशी फक्त कपड्यांविषयी बोलत. शर्ट कोणाचा, डाग कशाचा, हवा कधी. आजारी पडले, अंथरुणाला खिळले, तेव्हाही तेवढंच.

ते गेल्यावर एकदा मी किनुएला विचारलं, त्या दिवशी बोलली नसतीस तर?

"तर पाटी अजून तिथे असती," ती म्हणाली. चादरीचं एक टोक तिच्या हातात होतं, एक माझ्या. आम्ही दोघी घडी घालत होतो. "मला त्या दातवाल्याला मारायचं होतं. पण हाताशी हेच आले, मार यांनाच बसला."

मग तिनं चादर ओढून ताठ केली आणि मला म्हणाली, "नीट धर."